खारूच्या छातीतला दाब

७ ऑगस्ट

आज खारूच्या हृदयाची सोनोग्राफी झाली. मी पडद्यासमोरच उभी होते. हृदयाचे खालचे दोन कप्पे दिसायला ठीकठाक, वरचे दोन मात्र फुगून त्यांच्यापेक्षा मोठे झालेले. हृदयाच्या डॉक्टरांनी छातीवरून यंत्राची मूठ फिरवता फिरवता एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे वळले. इतकी वर्षं आम्ही एकाच हॉस्पिटलात काढली आहेत. ते तपासतात, मी भूल देते. बोलायची गरज पडली नाही.

खारू माझ्या दादाची मुलगी, नऊ वर्षांची. लहानपणी गालात खाऊ साठवून ठेवायची म्हणून हे नाव. गेलं वर्षभर दमा म्हणून तिला तोंडात मारायचा फवारा चालू होता. जिना चढताना मध्येच बसते, शाळेत पळायच्या तासाला भिंतीला टेकून उभी राहते, झोपताना दोन उशा लागतात. हे सगळं दम्यात बसतं. बसवलं की बसतं.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला समजेल अशा भाषेत डॉक्टरांनी सांगितलं. हृदय आकसतं नीट, पण पुन्हा सैल पडत नाही. भिंती कडक झाल्या आहेत. त्यामुळे आत रक्त भरतच नाही, आणि आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मागे तुंबलेलं रक्त फुप्फुसांत साचतं, म्हणून धाप. ही कडक भिंत सैल करणारं औषध नाही. उपाय एकच, दुसरं हृदय.

दादाने लगेच विचारलं, ते कुठे मिळतं. एखादा सुटा भाग कुठल्या दुकानात मिळेल हे विचारावं तसं. वहिनी मात्र म्हणाल्या, "हिला घरी कधी नेता येईल?"

एवढं सगळं ऐकल्यावर पहिला प्रश्न हा? मला जरा विचित्रच वाटलं.

९ ऑगस्ट

दूरच्या मोठ्या हॉस्पिटलाशी बोलणं झालं. तिथे हृदय बदलतात. यादीत नाव घालायला ते तयार आहेत, पण एक आकडा मागतात. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दाब किती आहे, तो. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत आणि पुढे फुप्फुसांपर्यंत न्यायची आणि मोजायचा. बाहेरून अंदाज येतो, पण अंदाजावर ते नाव घालत नाहीत. बरोबर आहे त्यांचं. कुणाचं तरी निरोगी हृदय आणून हिच्यात बसवलं आणि हिची फुप्फुसं कडक झालेली असली, तर त्या नव्या हृदयाला तो चढ चढवणार नाही. टेबलावरच बंद पडेल.

म्हणजे नळी घालायची. नळी घालायची तर तिला झोपवायचं. आणि अशा हृदयाच्या मुलाला झोपवणं हेच सगळ्यात धोक्याचं. तपासणी सोपी, भूल अवघड. बाकीच्या वेळी याच्या उलटं असतं आणि मग भूल देणाऱ्याला कुणी ओळखतही नाही.

खारूला आजपासून मुलांच्या वॉर्डात ठेवलंय. खिडकीजवळची खाट. मला बघून ओरडली, "आत्याची भूल आणि बाबाच्या थापा! दोन्ही मिळून भूलथापा!" शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आजी हसली. ही कोटी तिने दोन वर्षांपूर्वी केली होती, तेव्हापासून माणूस नवा दिसला की ऐकवते. बोलून झाल्यावर मात्र बराच वेळ श्वास घेत बसली. मी बोटाला चिमटा लावून प्राणवायू पाहिला. ठीक होता.

१० ऑगस्ट

भूल कुणी द्यायची यावरून आज कुरबुर झाली.

आपल्या घरच्या माणसाला आपण भूल देऊ नये, असा आमच्यात अलिखित दंडक आहे. हात थरथरतो असं म्हणतात. माझ्या हाताखालची डॉक्टर, तिला सगळे धाकटी म्हणतात, स्वतःहून म्हणाली की ती देईल, मी नुसती खोलीत असावं. चांगली आहे मुलगी. पण अशा हृदयाच्या मुलाला तिने कधी झोपवलेलं नाही. मी झोपवलंय. त्यातली सगळी उठली नाहीत, हेही खरं.

दादा म्हणाला, तुझ्याशिवाय कुणाच्याही हाती देणार नाही. विषय संपला असं मला वाटलं. तर वहिनी जिन्यात थांबवून म्हणाल्या, "ताई, औषध त्या दुसऱ्या बाईंना देऊ दे ना. तुम्ही नुसता तिचा हात धरा."

मला चांगलंच लागलं. वीस-बावीस वर्षं मुलांना झोपवते आहे, आणि घरच्यांनाच भरवसा नाही. मी म्हटलं, हात धरायला सिस्टर आहेत. पहिल्यापासून त्यांचं आणि माझं फारसं जुळलं नाही. भांडण नाही, पण मोकळेपणाही नाही. मी त्यांच्या घरात फार लुडबुडते असं त्यांना वाटत असणार. आज ते वेगळ्या रूपात बाहेर आलं, एवढंच.

हृदयाच्या डॉक्टरांनी शेवटी मान्य केलं. धाकटी शेजारी असेल, आणि मी गडबडले असं तिला वाटलं तर ती मला बाजूला करेल, या अटीवर.

१२ ऑगस्ट

दिवसभर औषधांचा विचार. लिहून काढलं तर डोकं जागेवर येईल.

शिरेतून द्यायची जी जी औषधं आहेत, त्यातलं एकही निष्पाप नाही. झोप सगळीच आणतात. झोपेबरोबर आणखी काय आणतात हा प्रश्न. खारूचं हृदय कडक आहे, त्याला जास्त जोर लावता येत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडंसंच रक्त पुढे जातं. ते दिवस काढतं दोन गोष्टींवर, ठोक्यांचा वेग आणि रक्तवाहिन्यांचा ताण. या दोन्हींना धक्का लागता कामा नये.

रोजचं आमचं प्रोपोफोल. पांढरं असतं, सिस्टर त्याला दूधच म्हणतात. गोड झोप, उठल्यावर मूल प्रसन्न. पण रक्तवाहिन्या सैल सोडतं आणि नाडीही मंद करतं. निरोगी मुलाचा रक्तदाब थोडा उतरतो आणि आपोआप चढतो. खारूचा उतरला तर हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांनाच रक्त पुरणार नाही, मग हृदय आणखी दुबळं, दाब आणखी खाली. त्या घसरगुंडीवरून मूल वर येत नाही. ते बाद. जुनं थायोपेंटोन तर हृदयाच्या स्नायूलाच मरगळ आणतं. तेही बाद. एटोमिडेट दाबाला हात लावत नाही, पण संकटात शरीर ज्या संप्रेरकावर उभं राहतं, ते काही काळ बंद पाडतं. खारूचं शरीर गेलं वर्षभर संकटातच आहे.

उरलं केटामिन. हे झोपवतं आणि झोपवताना शरीराचं स्वतःचं अॅड्रिनलिन बाहेर काढतं. नाडी टिकते, दाब टिकतो. याच्याही दोन खोडी. शरीरातला साठा आधीच संपला असेल तर हेच औषध उलटतं, कारण मुळात तेही हृदयाला मरगळच आणतं, फक्त अॅड्रिनलिनच्या आड लपलेलं असतं. आणि दुसरी, ते फुप्फुसांतला दाब वाढवतं असं जुन्या पुस्तकांत आहे. श्वास नीट चालू असेल तर मुलांमध्ये तसं होत नाही, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. मी स्वतःही तसंच पाहिलं आहे.

दगडापेक्षा वीट मऊ. केटामिन, थोडं थोडं, सावकाश.

वॉर्डात जाऊन आले. खारू म्हणाली, आत्या बस ना. बसले नाही, औषधपेटीतून केटामिनच्या नव्या कुप्या तपासून घ्यायच्या होत्या. दादा तिला सांगत होता की नवीन हृदय बसवल्यावर जुनं तो घरी आणून बरणीत ठेवणार आहे. दोघं हसत होते. वहिनी तिचे केस विंचरत होत्या. विंचरून झाले, तरी पुन्हा सोडून विंचरत होत्या.

१४ ऑगस्ट

झालं. निभावलं. दाब एकदाही पडला नाही.

नीट लिहिते. सकाळी पहिलाच नंबर तिचा लावला होता, म्हणजे फार वेळ उपाशी आणि तहानलेली राहायला नको. अंगातलं पाणी कमी झालं तर तिच्या हृदयाला भरायला काहीच उरणार नाही. वहिनी दारापर्यंत आल्या. दादा तिला उचलून टेबलापर्यंत घेऊन आला, मग त्यालाही बाहेर पाठवलं.

केटामिन सुरू केलं. इथे एक सापळा असतो. हृदय अशक्त असलं की रक्त रेंगाळत चालतं. हातातल्या शिरेत दिलेलं औषध डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. मूल जागंच दिसतं, आपल्याला वाटतं कमी पडलं, आपण आणखी देतो, आणि मग दोन्ही डोस एकदम जाऊन पोचतात. बहुतेक अपघात असेच होतात. आज धाकटीचा हात सिरिंजकडे जाताना मी पाहिला. मी मान हलवली. थांबलो. ती नुसती वाट पाहणं म्हणजे काय असतं हे आमच्या कामाबाहेरच्या माणसाला कळणार नाही. हिरवी रेघ, लाल रेघ, आकडा. पुन्हा आकडा.

मध्ये खारू म्हणाली, "आत्या, इकडे बघ ना." मी म्हटलं, एक मिनिट हं. मी पाहिलं तोवर औषध पोचलं होतं. केटामिनमध्ये डोळे मिटत नाहीत, बुबुळं नुसती इकडून तिकडे हलत राहतात. नाडी चढली होती, दाब जागेवर होता.

नळी सुरळीत गेली. हृदयाच्या डॉक्टरांनी सगळे दाब मोजले, मग श्वासातून तो खास गॅस देऊन पुन्हा मोजले. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या सैल होणाऱ्या असतील तर त्या गॅसने होतात. ते बराच वेळ वाकून पडद्याकडे बघत होते. माझं लक्ष माझ्या आकड्यांत.

तासाभरात खारू जागी झाली. भिंतीवर मासे पोहत आहेत म्हणाली. केटामिनमध्ये दिसतात तसे भास. मग पाणी मागितलं.

धाकटीने मला मिठी मारली. इतक्या वर्षांतली माझी सगळ्यात चांगली भूल असावी. दादा रडला. वहिनींनी माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "झोपताना काही म्हणाली का?" मी म्हटलं, काही नाही, शांत झोपली.

१५ ऑगस्ट

फुप्फुसांतला दाब फार जास्त आहे.

गॅस दिल्यावरही उतरला नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं तेव्हाच कळलं. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या कायमच्या कडक झाल्या आहेत. आजार वर्षाचा नाही, त्याहून बराच जुना असावा. मोठ्या हॉस्पिटलाने कागद पाहिले आणि नाही म्हटलं. फुप्फुसं आणि हृदय दोन्ही एकदम बदलायचं तर तिच्या वयाच्या आणि मापाच्या मुलांसाठी ते जवळजवळ कुणीच करत नाही.

दादाला त्यांनीच सांगितलं. मी शेजारी उभी होते. दादा माझ्याकडे बघत होता, जणू मी आता काहीतरी बोलणार आहे.

१६ ऑगस्ट

सकाळी अंघोळ करताना डोक्यात आलं. केटामिन.

आकडा केटामिनखाली मोजलेला आहे. जुनी पुस्तकं म्हणतात दाब वाढवतं. नंतरचे अभ्यास नाही म्हणतात, पण त्या अभ्यासांतली मुलं वेगळी होती, त्यांची हृदयं वेगळी. कडक हृदयाची किती असतील त्यात? एकदोन असतील. माझ्याच औषधामुळे आकडा वर गेला असेल तर? तर खारूचं नाव माझ्यामुळे यादीतून गेलं. मी दाब सांभाळला म्हणून मिरवत होते, आणि तो सांभाळता सांभाळता दुसरा दाब वाढवून ठेवला.

हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, औषधामुळे चढलेला असता तर गॅसने थोडा तरी हलला असता. तो हललाच नाही. सोनोग्राफीतला अंदाजही हेच सांगत होता, आणि तेव्हा तिने कुठलंच औषध घेतलेलं नव्हतं. मी म्हटलं, पण शक्यता आहे की नाही? ते म्हणाले, "शक्यता कशाचीही असते. तुम्हाला ती हवी आहे म्हणून ती मोठी होत नाही."

माणूस चांगला आहे, पण थकलाय. जरा जोर लावायचा तर कंटाळा.

१९ ऑगस्ट

तीन दिवस वाचत होते. एका लेखात थोडा आधार सापडला. मोठ्या हॉस्पिटलातल्या भूलतज्ज्ञांना फोन केला, त्यांना पटेपर्यंत सोडलं नाही. शेवटी म्हणाले, वेगळ्या औषधाखाली पुन्हा मोजायचं असेल तर तिथे आणा, पण वाटेत आणि टेबलावर काही झालं तर ती जबाबदारी घरच्यांची. प्रवास लांबचा आहे. अॅम्ब्युलन्समध्ये मी बरोबर जाईन.

एटोमिडेटची सुरुवात, मग वेदना दाबायला अगदी थोडं फेंटानिल. संप्रेरकाचं नंतर बघू.

दादाला सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. कामावर सुट्टी टाकायला गेलाच लगेच.

खारूचं पोट थोडं फुगलंय. पाणी साचतंय. लघवीचं औषध वाढवलं. तिने विचारलं, पुन्हा झोपवणार का. मी म्हटलं, हो, पण या वेळी मासे दिसणार नाहीत, औषध वेगळं आहे. ती म्हणाली, मासे चांगले होते.

२१ ऑगस्ट

वहिनींनी नाही म्हटलं.

कपडे भरायचं बघायला दुपारी दादाच्या घरी गेले होते. वहिनी ओट्यापाशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या. पिशव्या कुठे आहेत म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, भरल्या नाहीत. मग वळल्या.

"ताई, या वेळी दाब कमी निघाला तर?"

म्हटलं, तर यादीत नाव लागेल.

"आणि लागल्यावर?"

मग वाट पाहायची. तिच्या मापाचं हृदय मिळेपर्यंत.

"आणि जास्तच निघाला तर?"

म्हटलं, तर निदान खात्री होईल.

"कसली खात्री?"

शास्त्राची गोष्ट दोन वाक्यांत कशी समजावणार? मी म्हटलं, तुम्हाला माझा राग आहे, पहिल्यापासून आहे, पण तो आत्ता पोरीवर काढू नका. बोलायला नको होतं. वहिनी स्टुलावर बसल्या.

"राग नाही हो. तुम्ही येता, तिच्या बोटाला चिमटा लावता, आकडा बघता आणि जाता. मागाहून ती विचारते, आत्या आली होती का? मी म्हणते, आत्ताच तर गेली. ती म्हणते, ती डॉक्टर होती."

त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, ती घरी नेण्याचं रोज विचारते आणि मी रोज उद्या म्हणते. आता माझ्याच्याने उद्या म्हणवत नाही. तुमच्या दादाला तुम्ही सांगा, माझं ते ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतात.

मी तिथून निघून आले. दादाला काही सांगितलं नाही. एका आईने हार मानावी आणि तीही अशा वेळी, जेव्हा एक तरी वाट उघडी आहे, हे मला समजत नाही.

२३ ऑगस्ट

दादा माझ्या खोलीवर आला. बसला नाही. अॅम्ब्युलन्स रद्द केली म्हणाला.

मी पुन्हा औषधाचं सांगायला लागले. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, लिफ्टचा दोर गेला की आम्ही आधी आत अडकलेल्या माणसाशी बोलतो. घाबरू नको, मी इथेच आहे, असं. वर कुणीतरी दोर बघत असतं, पण खाली एक जण दारापाशी उभा राहून बोलत असतो. "आपण सगळेच वर जाऊन बसलोय गं. खाली तिच्याशी बोलायला ती एकटीच उरली आहे."

ती म्हणजे वहिनी, हे कळायला मला क्षण लागला.

मी म्हटलं, मग काय, हातावर हात ठेवून बसायचं? तो म्हणाला, हो.

२४ ऑगस्ट

हृदयाच्या डॉक्टरांनी घरी न्यायला संमती दिली. धापेसाठी मॉर्फिनचे थेंब, आणि गरज पडली तर आणखी काय काय, हे मी बघेन असं ठरलं. कागदावर सही करताना मी विचारलं, तुम्हाला खरंच वाटतं केटामिनने काही झालं नसेल? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, तुम्ही तिला झोपवलंत आणि उठवलंत. त्यापुढचं तुमच्या हातात नव्हतं. ते कुणाच्याच हातात नव्हतं.

हे त्यांचं मत.

३० ऑगस्ट

खारू घरी, बाहेरच्या खोलीत. पलंग खिडकीला लावलाय. आडवं झोपवत नाही, उशांना टेकून बसल्या बसल्या झोपते. पाय सुजलेत. जेवण म्हणजे चमचा दोन चमचे. पण पहिल्यापेक्षा आनंदात दिसते. खिडकी वॉर्डातही होती, पण इथून रस्ता दिसतो.

मी कामावरून रोज येते. औषध देऊन झालं की काय करावं समजत नाही. चिमटा लावायचा नाही, असं ठरवलंय, कारण वहिनींसमोर ते बरं दिसत नाही. आज नुसती बसून राहिले. खारूने मला समोरच्या इमारतीतल्या माणसांची नावं सांगितली. तिने ठेवलेली. टक्कलकाका, भांडखोर पडदा, दोन छत्र्यांची बाई. दोन छत्र्या का, विचारलं. "एक विसरायला," म्हणाली.

६ सप्टेंबर

धाप वाढली. मॉर्फिन वाढवलं. बोलताना प्रत्येक शब्दापाशी थांबते. आज थोडा वेळ आम्ही दोघीच होतो. म्हणाली, बाबा सांगतो, एका देशात एक लिफ्ट आडवी चालते, या घरातून त्या घरात. ही थाप आहे ना?

मी म्हटलं, थाप आहे.

"मला माहितीये. पण त्याला सांगू नकोस मला कळलं ते."

मग तिला झोप लागली. मी तिच्याकडे बघत बसले. एरवी मी झोपलेल्या मुलाकडे एवढा वेळ बघत नाही.

११ सप्टेंबर

परवा गेली. आज लिहायला बसले आहे.

दुपारची वेळ होती. श्वास तिला पुरेना, घाबरून आईच्या अंगाला नखं रोवत होती. मॉर्फिन पुरत नव्हतं. मी कातडीखालच्या सुईतून गुंगीचं मिडॅझोलम दिलं, थोडंसं. ती सैल पडायला लागली. या औषधाने तिचा दाब उतरेल, हे मला माहीत होतं. किती उतरेल, कधी, मग नाडी काय करेल, तेही सगळं माहीत होतं. मोजायचं यंत्र माझ्या पिशवीत होतं. ते तिथेच राहिलं.

दादा पलंगावर तिच्या मागे बसला होता, तिला छातीला टेकवून, आणि काहीतरी सांगत होता. आडव्या लिफ्टचंच बहुतेक. वहिनी पाय चोळत होत्या. मला कुठे बसावं कळेना, तेव्हा वहिनींनी खारूचा हात उचलून माझ्या हातात दिला.

ऊन असेपर्यंत होती. मग नव्हती. ते नक्की कधी झालं हे मला सांगता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच सांगता येणार नाही.

२ ऑक्टोबर

वहिनींनी आज जेवायला बोलावलं. दादा कामावर जायला लागलाय. जेवताना मी त्यांना म्हटलं, तो दुसरा आकडा घेतला असता तर निदान कळलं असतं. वहिनींनी माझ्या ताटात आणखी भात वाढला. अजून मनात काहीतरी आहे त्यांच्या.

निघताना मात्र दारात म्हणाल्या, येत जा.

५ ऑक्टोबर

आज पुन्हा कामावर. पहिलाच एक तीन वर्षांचा मुलगा, हर्नियाचा. सुदृढ, गोल पोटाचा. धाकटी बरोबर होती. प्रोपोफोल दिलं. दाब उतरला, थोडा रेंगाळला, चढला. बहुतेक मुलांचा चढतोच.

संपल्यावर मुलगा बाहेर नेला. त्याच्या आईने मला गाठलं आणि विचारलं, झोपताना घाबरला का तो? मी म्हटलं, नाही हो, अजिबात नाही.

मग आत येऊन हात धुतले आणि धाकटीला विचारलं, घाबरला होता का गं?

"रडला नाही," ती म्हणाली. "पण शेवटपर्यंत तुमच्याकडे बघत होता."